कपाट तयार, परवाना नाही: पुण्यातल्या एका सुपरमार्केटचं वाइन-प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातलं हे दुकान. आधी साधा किराणा, मग शेजारचा गाळा घेऊन ट्रॉली फिरवता येईल असं सुपरमार्केट. दोघे भाऊ मिळून चालवतात. थोरले खरेदी आणि उधारी बघतात, धाकटे मांडणी आणि माणसं. थोरल्यांची मुलगी हिशेब, जीएसटी आणि सरकारी कागद सांभाळते. इमारत गृहनिर्माण सोसायटीची आहे: वर सदनिका, खाली गाळे. ओळख पटू नये म्हणून जागेचे तपशील आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत, घटनांचा क्रम तोच ठेवला आहे.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि वॉक-इन स्टोअरमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठं, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदलेलं दुकान. त्यात वाइनसाठी २.२५ घनमीटरचं, बंद करता येईल असं कपाट. शाळा आणि देवळांच्या जवळची दुकानं वगळलेली, वर्धा-गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हेही वगळलेले. द्राक्षउत्पादकाला बाजार मिळावा, ही सरकारची भूमिका होती. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणापासून राज्य वाइनला इतर मद्यापेक्षा वेगळी वागणूक देत आलंच होतं. नारायणगाव, नाशिक इकडची वाइन पुण्याच्या गिऱ्हाइकाला नवी नव्हती.

दुकानात तशी विचारणाही व्हायची. चीज आणि ऑलिव्ह घेणारं गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "गोव्यात तर सुपरमार्केटात मिळते, तुमच्याकडे का नाही?" गोव्याचा अबकारी कायदाच वेगळा आहे, हे काउंटरवर उभं राहून कोण समजावणार! धाकट्यांच्या मनात मात्र ते घर करून होतं. निर्णयाची बातमी आली आणि त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सुताराला बोलावलं.

अडचण कशी वाढत गेली

पहिला घोळ मोजमापाचा. बातम्यांत कुठे "हजार चौरस फूट" होतं, कुठे "शंभर चौरस मीटर". शंभर चौरस मीटर म्हणजे १,०७६ चौरस फूट. दुकानाचं चटईक्षेत्र १,०४० चौरस फूट, म्हणजे ९६.६ चौरस मीटर. हजारात बसत होतं, शंभरात बसत नव्हतं. धाकट्यांनी उपाय काढला: मागची सत्तर फुटांची कोठी दुकानात घ्यायची. मधली विटांची भिंत पाडली, क्षेत्र १,११० झालं. कोठी गेल्याने तांदळाची पोती आणि तेलाचे डबे जिन्याखाली आले, सोसायटीची पहिली तक्रार तिथून सुरू झाली. मंजूर नकाशात ती कोठी स्वतंत्र दाखवलेली होती. महापालिकेची परवानगी न घेता भिंत पाडल्यामुळे आता जागेवरचं दुकान आणि कागदावरचं दुकान जुळेना. परवान्याच्या कोणत्याही अर्जाला मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र लागतं. क्षेत्र वाढवण्यासाठी पाडलेली भिंतच पुढे अर्ज अडवणार होती.

दुसरा घोळ कपाटाचा. सुतार फुटांत मोजतो. त्याने सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असं देखणं, काचेच्या दारांचं, पितळी कुलपाचं कपाट बनवलं. ८४ घनफूट, म्हणजे २.३८ घनमीटर. २.२५ घनमीटरचे साडेएकोणऐंशी घनफूट होतात. हा फरक चालतो की नाही, माप आतून घ्यायचं की बाहेरून, पायाचा चौथरा धरायचा की नाही, हे सगळं नियमाच्या अंतिम मजकुरावर ठरणार होतं. आणि तो मजकूर अंमलात आलेलाच नव्हता.

मुलीने सुरुवातीलाच विचारलं होतं, "काका, राजपत्राची तारीख कुठली?"

"अगं, निर्णय झालाय. सगळ्या पेपरांत आलंय."

"निर्णय झालाय. नियम कुठे बदललाय?"

तिचा प्रश्न या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय ही पहिली पायरी. त्यानंतर मसुदा निघतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, त्यांचा विचार होतो, मग अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात अर्जाचा नमुना आणि शुल्काचा आकडा त्यानंतरच येतो. वाइनच्या बाबतीत विरोध मोठा झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या, जून २०२२ मध्ये सरकारच बदललं. सुपरमार्केटातल्या वाइनचा तो निर्णय अंमलात आला नाही.

तोवर कपाटाचे ४८,००० आणि भिंत-फरशीचे ३५,००० खर्च झाले होते. "फाइल आधीच लावून ठेवतो, पहिल्या यादीत नाव येईल" असं सांगणाऱ्या एका मध्यस्थाने २५,००० नेले होते. जो परवाना अस्तित्वातच नाही त्याची फाइल लागत नाही. हे पैसे परत आले नाहीत.

दिवाळीचे हॅम्पर

खरा धोका निराळ्याच वाटेने आला. २०२२ च्या दिवाळीआधी एका पुरवठादाराने तीस भेटखोकी आणून ठेवली: चीज, क्रॅकर, चॉकलेट, मेणबत्ती आणि ३७५ मिलीची वाइनची बाटली. खोकं रिबिनीत बांधलेलं, वर पारदर्शक कागद. बाटली आडवी, गवतात अर्धी लपलेली. दुकानातल्या पोराने ती द्राक्षाच्या रसाची समजली आणि रॅकवर मांडून टाकली. चार खोकी विकली गेली.

संध्याकाळी बिलं तपासताना मुलीला एक गोष्ट खटकली. संपूर्ण खोक्यावर एकाच दराने जीएसटी लागला होता. तिने एक खोकं सोडून बाटली वळवून पाहिली. मागच्या लेबलावर १२.५% व्ही/व्ही (आकारमानानुसार अल्कोहोलचं प्रमाण), "मद्यसेवन आरोग्यास हानिकारक" हा इशारा आणि विक्री महाराष्ट्रापुरती असल्याचा मजकूर. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणजे दुकानाने विनापरवाना मद्य विकलं होतं, आणि त्याची छापील बिलंही स्वतःच फाडली होती.

तिने खोकी रॅकवरून काढून कोपऱ्यात चादरीखाली ठेवली आणि पुरवठादाराला फोन केला. तो त्याच रात्री टेम्पो घेऊन आला आणि सव्वीस खोकी घेऊन गेला. चार गिऱ्हाइकांपैकी तिघांचे नंबर होते, त्यांना पैसे परत दिले. तपासणी झाली नाही, गुन्हा नोंदला गेला नाही. हा निव्वळ योगायोग होता, त्याला शहाणपणा म्हणता येणार नाही.

कायदा टक्के कुठे बघतो आणि कुठे नाही

बहुतेक दुकानदार इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर. लोकांच्या डोक्यात एक चढती शिडी असते: बिअर म्हणजे सौम्य, वाइन त्याहून जरा वर, व्हिस्की-रम म्हणजे खरी दारू. शिडी खोटी नाही. राज्यात सौम्य बिअर पाच टक्क्यांपर्यंत, कडक बिअर आठपर्यंत. वाइन साधारण बारा-चौदा. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८% व्ही/व्ही आणि त्याशेजारी २५° यू.पी. (अंडर प्रूफ) लिहिलेलं असतं. जुन्या ब्रिटिश मापात प्रूफ स्पिरिट म्हणजे ५७.१ टक्के, त्याच्या पंचवीस टक्के खाली म्हणजे ४२.८.

या टक्केवारीवर उत्पादन शुल्क ठरतं. गिऱ्हाइकाचं वय ठरतं: बिअर-वाइनला २१, कडक मद्याला २५. कोणत्या नमुन्याचा परवाना पुरेल तेही ठरतं. परवाना लागेल की नाही, हे मात्र टक्केवारीवर ठरत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली मद्याची व्याख्या स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव कवेत घेते. चार टक्क्यांची बाटली विनापरवाना विकली तरी कलम ६५ (ई) तेच, आणि बेचाळीसची विकली तरी तेच. "हलकीच तर आहे" हा युक्तिवाद पंचनाम्यात कुठेही लिहिला जात नाही.

गिऱ्हाईक मग विचारतं, द्राक्षासव चालतं तर वाइन का नाही? द्राक्षासवातही आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. पण ते औषध म्हणून बनतं आणि विकलं जातं. औषधी द्रव्यं, प्रसाधनं आणि व्हॅनिलासारखे अर्क यांना दारूबंदी कायद्याच्या कलम २४-अ मध्ये सूट आहे, तीसुद्धा ते मद्य म्हणून पिण्याजोगे नसतील तर. "कुकिंग वाइन" किंवा कॉकटेलचे बिटर्स या सुटीत बसतात असं गृहीत धरून मागवणं धोक्याचं आहे. काही बिटर्समध्ये अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्याही वर असतं.

समोर असलेले पर्याय

२०२३ संपेपर्यंत कपाट रिकामं उभं होतं. घरात चार वाटांची चर्चा झाली.

थांबून राहणं ही पहिली. त्याला खर्च नाही, पण सहा बाय दोन फुटांची मोक्याची जागा अडकून पडते.

दुसरी, एफएल-२, म्हणजे आपण ज्याला वाइन शॉप म्हणतो तो परवाना. नावात वाइन असली तरी तो सीलबंद विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचा आहे. १९७० च्या दशकापासून राज्यात असे नवे परवाने दिले जात नाहीत. जुना परवाना भागीदारीत घेणं किंवा स्थलांतरित करणं एवढीच वाट उरते, आणि तिचा भाव कोटींच्या घरात जातो. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

तिसरी, एफएल/बीआर-२, म्हणजे बिअर शॉपी. तिथे बिअर आणि वाइन दोन्ही सीलबंद विकता येतात आणि नवा परवाना मिळू शकतो. कुटुंबाच्या मालकीचा १८० चौरस फुटांचा तिसरा गाळा भाड्याने दिलेला होता, तो रिकामा होणार होता. धाकट्यांचा कल इकडे होता.

चौथी, अल्कोहोलविरहित पेयं: ०.० टक्के बिअर, अल्कोहोल काढून टाकलेली वाइन.

तिसऱ्या पर्यायावर मुलीने दोन आठवडे खर्च केले. तिने काढलेली यादी इथे देण्यासारखी आहे, कारण बिअर शॉपी म्हणजे फ्रीज आणि शटर एवढंच, असा सर्रास समज आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांमार्फत. दुय्यम निरीक्षक जागेवर येऊन पंचनामा आणि नकाशा करतो. सोबत गाळ्याचा सूची-२ उतारा किंवा भाडेकरार, मंजूर नकाशा, भोगवटापत्र, चारित्र्य पडताळणी, अधिवास, प्राप्तिकराचे कागद. शुल्क लोकसंख्येनुसार, त्यामुळे पुण्यात ते वरच्या टप्प्यातलं. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च: जानेवारीत परवाना मिळाला तर तीन महिन्यांतच नूतनीकरण दारात. गाळ्याला स्वतंत्र प्रवेश हवा, सुपरमार्केटमधून आतून दार चालणार नाही. व्हॅटखाली वेगळी नोंदणी आणि वेगळं बिलिंग, अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. काउंटरवरच्या प्रत्येक नोकराचा नोकरनामा, म्हणजे त्याला कामावर ठेवण्याचं परवानगीपत्र. माल फक्त परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून, प्रत्येक खेपेला वाहतूक पास. रोजची आवक-जावक वही त्याच दिवशी पूर्ण. कोरड्या दिवशी बंद, निवडणुकीत बंद, गणेशोत्सवात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येईल तसं बंद.

थोरल्यांनी यादी शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, "रात्री काउंटरवर उभं कोण राहणार?"

अंतराचा प्रश्न

अर्ज करण्याआधी अंतर मोजायचं ठरलं, आणि हा निर्णय चांगला होता. शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांपासून ठरावीक अंतर लागतं. पण काय मोजायचं आणि कुठून मोजायचं, याची नियमात व्याख्या आहे. नकाशावरची सरळ रेष चालत नाही. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून, पायी माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. कुंपण नसेल तर इमारतीच्या दरवाजाच्या मध्यापर्यंत. मोबाइलवर अॅपमध्ये दिसणारं अंतर आणि टेपने भरलेलं अंतर यांत बराच फरक पडतो, कारण दुभाजक असला की पायी माणूस वळसा घालून जातो.

गाळ्याच्या अलीकडे एक छोटं दत्तमंदिर आहे, पलीकडे बालवाडी. मंदिर सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे का, हे धर्मादाय कार्यालयातून तपासायचं असतं. धार्मिक संस्थेची व्याख्या न्यासाच्या नोंदणीला जोडलेली आहे. बालवाडी मान्यताप्राप्त आहे की खाजगी पाळणाघर, हेही तसंच. मान्यताप्राप्त पूर्वप्राथमिक शाळा व्याख्येत येते, खाजगी क्लास येत नाही. चौकशीत मंदिराची नोंदणी आढळली नाही आणि बालवाडीचं फाटक वळशामुळे नियमाच्या बाहेर पडलं. कागदावर गाळा पात्र ठरला.

कागदावर पात्र असणं आणि तिथे दुकान चालणं यांत मात्र अंतर असतं. सकाळी सातला शाळेच्या बसेस नेमक्या त्या गाळ्यापुढे थांबतात. गुरुवारी आरतीला दत्तमंदिराची रांग फुटपाथवर येते. ही गोष्ट टेपने मोजता येत नाही.

काय केलं

२०२४ च्या सुरुवातीला सोसायटीची संमती मागायची की नाही, यावर घरात दोन मतं होती. धाकटे म्हणत होते, गाळा आपल्या मालकीचा आहे, आधी परवाना काढू, मग बघू. मुलीचं म्हणणं, वरच्या मजल्यावरची माणसं रोज आपल्याकडेच दूध घेतात, त्यांच्या डोक्यावरून गेलो तर दुधाचं गिऱ्हाईकही जाईल. जिन्याखालच्या पोत्यांवरून आधीच धुसफूस होती. थोरल्यांनी मुलीची बाजू घेतली.

विशेष सर्वसाधारण सभेत विषय ठेवला गेला. विक्रीची वेळ, समोर थांबायला मनाई, कॅमेरे, कचऱ्याची व्यवस्था असं सगळं लिहून दिलं होतं. चर्चा दोन तास चालली. विरोध वाइनला नव्हताच. शटरसमोर उभं राहून कॅन फोडणाऱ्या पोरांना होता. कोणी तरी विचारलं, "बिअर शॉपीत पिता येत नाही, मग दुसऱ्या प्रत्येक बिअर शॉपीसमोरच्या फुटपाथवर काय चाललेलं असतं?" याला उत्तर नव्हतं. ठराव पडला. कुटुंबाने अर्ज केला नाही.

पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, सोसायटीच्या व्यावसायिक गाळ्यांत नवं बिअर किंवा मद्याचं दुकान सुरू करायला सोसायटीचं ना-हरकत बंधनकारक करण्याची घोषणा विधानसभेत झाली. ज्यांनी आधी अर्ज करून मग सोसायटीकडे जायचं ठरवलं होतं, त्यांना त्याच दारावर यावं लागणार होतं.

चौथा पर्याय मग घेतला. त्यातही दोन चुका झाल्या, त्या सांगायला हव्यात.

पहिली, "अल्कोहोल फ्री" या शब्दावर विश्वास. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या मद्य-नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं आहे. काही आयात बाटल्यांवर बारीक अक्षरात ०.५ टक्क्यांपर्यंत असल्याचं लिहिलेलं असतं. अन्नाच्या नियमात ती बसते. पण राज्याच्या दारूबंदी कायद्यातल्या व्याख्येत अशी खालची रेषा दिसत नाही. वाद नको म्हणून दुकानाने फक्त स्पष्ट ०.० लिहिलेला माल ठेवायचं ठरवलं आणि दोन पेट्या परत केल्या.

दुसरी चूक कोंबुचाची. एका घरगुती उत्पादकाचा कोंबुचा त्याच कपाटात, फ्रीजबाहेर, मांडला गेला. कोंबुचा हा आंबवलेला चहा. गाळून किंवा तापवून यीस्ट मारलेलं नसेल तर बाटलीतही ते उरलेली साखर खात राहतं आणि अल्कोहोल व वायू तयार करत राहतं. थंडाव्यात ही क्रिया मंदावते, उबेत भरात येते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि रविवारी दुपारी शटर बंद असलेल्या दुकानात हवा हलत नाही. सोमवारी सकाळी तीन बाटल्यांची झाकणं उडालेली, काचेच्या दारावर चिकट ओघळ, खालच्या फळीवर मुंग्या. भरताना अल्कोहोल नगण्य असलेली बाटली विकताना किती टक्क्यांवर आहे, हे आता कोणीही सांगू शकत नव्हतं. उरलेला माल ओतून टाकला. आता कोंबुचा चार अंशांच्या फ्रीजमध्येच, आणि उत्पादकाकडून प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल आल्याशिवाय घेतला जात नाही.

०.० बिअरची मांडणीही बदलली. कॅन दिसायला हुबेहूब मूळ बिअरसारखा असतो. तो सरबतांशेजारी ठेवला की शाळकरी पोरं उचलतात आणि पालक भडकतात. आता तो चीजच्या फ्रीजशेजारी, नजरेच्या उंचीला, "अल्कोहोल ०.०" अशी मराठी पाटी लावून. अठरा वर्षांखालच्याला द्यायचा नाही, हा दुकानाचा स्वतःचा नियम.

निष्पत्ती

कागदोपत्री नुकसान १,०८,००० रुपयांचं. भिंतीचा प्रश्न वास्तुविशारदामार्फत सुधारित नकाशा सादर करून सोडवायला घेतला, त्याचा खर्च वेगळा. जिन्याखालची पोती तिसऱ्या गाळ्यात गेली. तो पुन्हा भाड्याने न देता कोठी म्हणून वापरायचं ठरलं, म्हणजे महिन्याचं भाडंही बुडालं. ०.० पेयांची विक्री बऱ्यापैकी आहे, पण ती या खर्चाची भरपाई करण्याइतकी नाही. सोसायटीशी संबंध मात्र आधीपेक्षा बरे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारी २०२२ मध्ये एकच काम करण्यासारखं होतं: चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये मोजून, मंजूर नकाशाशी ताडून, कागद नीट लावून ठेवणं. त्याला पैसे लागत नाहीत आणि नियम कसाही आला तरी ते उपयोगी पडतं. कपाट, भिंत आणि मध्यस्थ हे तिन्ही खर्च अधिसूचना, अर्जाचा नमुना आणि शुल्काचं चलन डोळ्यांनी पाहिल्यावर करायचे होते. कपाटाची घाई तर अजिबात नव्हती, सुतार आठ दिवसांत कपाट देतो.

हॅम्परच्या वेळी चूक माल उतरवून घेताना झाली. सणाच्या गर्दीत पेट्या मोजून सही होते, आत काय आहे ते कोणी बघत नाही. आता नियम असा: बांधीव भेटखोकं आलं की पुरवठादाराकडून आतल्या प्रत्येक वस्तूची यादी घ्यायची आणि एक खोकं फोडून तपासायचं, त्याशिवाय पावतीवर सही नाही. मद्य आढळलं तर माल टेम्पोतून खालीच उतरवायचा नाही. एकदा तो दुकानात आला की ठेवणंही अडचणीचं आणि वाहतूक पासाशिवाय परत पाठवणंही अडचणीचं. त्या रात्री सव्वीस खोकी गुपचूप टेम्पोत चढवण्याआधी वकिलाला फोन करायला हवा होता. तसं न करता निभावलं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सोसायटीकडे जायला दोन वर्षं उशीर झाला, हेही खरं. पोती जिन्याखाली येण्याआधी, तक्रारी साचण्याआधी विषय निघाला असता तर ठराव कदाचित तरीही पडला असता, पण गाळा रिकामा ठेवून वाट पाहण्यात गेलेले महिने वाचले असते.

ते सात फुटी कपाट दुकानात अजून आहे. पितळी कुलपामागे आता केशर, काजू-बदाम, साजूक तुपाचे डबे आणि दाढीच्या ब्लेडची पाकिटं असतात, म्हणजे ज्या गोष्टी रॅकवरून सगळ्यात जास्त गायब व्हायच्या त्या. किल्ली मुलीच्या टेबलात असते. तिच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर दुकानाचं मोजमाप आहे: १०३.१ चौरस मीटर, सुधारित नकाशा मंजूर झाल्यावर लागू.